मानेचा फोटो

सोनईत कुणाच्या घरी लगीन निघालं की आधी मांडवाच्या मेढी आणि मग खुर्शीद मन्यारीण, असा बोलावण्याचा क्रम होता. गावात बांगड्या विकायला बाहेरचे येत, बाजारच्या दिवशी तर दोन-तीन पालं पडत. पण नवरीचा चुडा भरायचा तो खुर्शीदमावशीनंच. हे कुणी ठरवलं नव्हतं, आणि कुणी मोडलंही नव्हतं.

तिचं हात दाबणं बघण्यासारखं असे. पोरीचा हात मांडीवर घ्यायचा, बोटांची पेरं एकेक करून सैल करायची, अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा तळव्याकडे हळूच ढकलायचा आणि म्हणायचं, "मूठ सोड, अंगठा पोटात घे, आन मनात ज्याचं नाव येतंय त्याचं घे." पोरगी लाजून हसली की हात आपोआप सैल पडे. त्या एवढ्याशा हसण्याच्या फटीतून काकण निसटून मनगटावर जाऊन बसे. पोरीला कळायचंही नाही. बायका म्हणायच्या, खुर्शीदच्या हाताला हाडं लागतच नाहीत, तिच्या हाती आलेलं मनगट पाणी होतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती पहिली सुगी. बाजरी घरात आली होती, अडकून पडलेली लग्नं धडाधड निघत होती. मार्गशीर्षात गोजरबाईच्या नातीचं, मनकर्णाचं लगीन धरलं. गोजरबाई आणि खुर्शीद एकाच वर्षी सोनईत नांदायला आलेल्या, एक पाटलाच्या आळीत, एक मन्यारांच्या गल्लीत. गोजरबाईच्या दोन्ही लेकींचा चुडा खुर्शीदनं भरलेला. मनकर्णा पोटात असताना तिच्या आईला, गोजरबाईच्या सुनेला छबूबाईला, सातव्या महिन्यातल्या हिरव्या बांगड्या हिनंच घातलेल्या, आणि मनकर्णा जन्मल्यावर तिच्या मुठीएवढ्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्याही.

त्या दिवशी ओट्यावर सतरंजी पडली. बायका दाटीवाटीनं बसल्या. कुणीतरी धरलं,

हात लेकीचा गं बाई, मन्यारणीच्या मांडीवर
हिरवं रान उगवलं, मनगटाच्या बांधावर

खुर्शीदनं मनकर्णाचा हात घेतला. दाबला. पहिलं काकण गेलं. दुसरं पेरापाशी अडलं आणि कड्कन तुटलं. बांगडीचं फुटणं तोंडानं कुणी बोलत नाही. काच उचलायची आणि पुढं बघायचं, अशी रीत. गोजरबाईनं तेच केलं. तिचा हात आला, काच पदरात गेली, गाणं चालू राहिलं. तिसरं गेलं. चौथं गेलं नाही. खुर्शीदनं जोर लावला, तो किती लागतोय ते तिचं तिलाच कळेना. कापसाचे हातमोजे घालून पीठ मळावं तसं काहीतरी. काकण तुटून मनकर्णाच्या मनगटात शिरलं, तरी ती दाबतच राहिली.

"मावशी," मनकर्णा हळूच म्हणाली, "मावशी, थांबा."

तेव्हा खुर्शीदनं खाली पाहिलं. हिरव्या काकणांवर लाल ओघळ. आणि तिच्या स्वतःच्या बोटातही काच रुतलेली होती, ती तिला दिसली. टोचली मात्र नव्हती.

गाणं थांबलं. नवऱ्या मुलाची मामी भीमाबाई चुड्यासाठी म्हणून आलेली. तिनं तोंड वाकडं केलं. "अगं बाई. हळदीच्या आदी रगात? ह्यास्नी काय दुसरी मन्यारीण मिळंना का? हिचा हात बगा की कसा कापतोय."

"हात न्हाई कापत," गोजरबाई फटकारून म्हणाली, "काच कच्ची हाय. दुष्काळात मानसंच कच्ची निगाली, तितं काचंचं काय घेऊन बसलीस? मनकर्णे, इकडं दे हात. खुर्शीद, तू वरनं धर, मी सरकवते."

असा तो चुडा झाला. वर खुर्शीदचा हात, खाली गोजरबाईची बोटं. छबूबाईनं सुपात शिधा आणि चोळीचा खण आणून ठेवला, मनकर्णा पाया पडली. खुर्शीद उठायला गेली तर पाय काठीसारखे ताठ. दोन पावलं टाकली, आणि मागून छबूबाई चप्पल घेऊन धावत आली. चप्पल ओट्यावरच राहिली होती. खुर्शीद एक पाय अनवाणी टाकत निघाली होती आणि तिला ते कळलं नव्हतं.

घरी सत्तार, तिचा नवरा, बांगड्यांचे गुच्छ दोऱ्यात ओवत बसला होता. त्यानं तिचं तोंड पाहिलं. "काय झालं?"

"पोरीच्या हातातनं रगात काडलं म्या."

तो ओवायचा थांबला. एरवी थट्टा करणारा माणूस. लोकाचे हात दाबून दाबून तुझं नशीब दाबलं गेलं, असं म्हणायचा.  त्या दिवशी त्यानं नुसतं तिचं बोट धरलं आणि काच काढली. ती दुसरीकडे बघत होती. "निगाली का?" तिनं विचारलं. काच केव्हाच निघाली होती.

तिला काहीतरी होतंय हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. चालताना जोंधळ्याच्या राशीवरून चालल्यासारखं पाऊल घसरायचं. ओझं उचलायला मान वाकवली की पाठीतून खाली पायापर्यंत वीज जायची. पण दुष्काळात सगळ्यांचेच पाय लटपटत होते. दुष्काळी कामावर मातीच्या पाट्या डोक्यावरून वाहिल्या, तिथं वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढले; कोण कुणाला सांगणार की माझा पाय मला सापडत नाही म्हणून? आणि हाताचं म्हणाल तर, हात तिला चांगलाच वाटत होता. चार-दोन बांगड्या जास्त तुटत होत्या, त्याचं खापर तिनं नगरच्या ठोक व्यापाऱ्यावर फोडलं होतं. त्याच्याशी भांडली होती. सत्तारलाही भांडायला लावलं होतं.

नेवाशाच्या डॉक्टरनं आधी ताकदीच्या गोळ्या दिल्या. मग काय वाटलं कोण जाणे, रबराची हातोडी काढून गुडघ्यावर मारली. पाय असा उडाला की टेबलावरची बाटली पडली. सत्तार हसला, डॉक्टर हसला नाही. "नगरला न्या," तो म्हणाला, "मानेचा फोटो काढून आणा."

"मानेचा?" सत्तार म्हणाला. "सायेब, आजार हाताचा हाय. पायाचा हाय."

"मानेचाच."

नगरला जायच्या दिवशी गोजरबाई एस.टी.च्या थांब्यावर आधीच येऊन उभी. हातात भाकरीचं गाठोडं. "तू कुठं निगाली?" खुर्शीदनं विचारलं.

"तुज्यासंगं. तुजा नवरा गडी मानूस. त्यो तुजी पोत काडंल का लुगडं सावरंल? आन मला नगर बगायचंय."

"नातीचं लगीन आत्ताच झालंय न् तुला नगर बगायचंय."

"लगीन झालं चार दिस. पोरगी नांदायला गेली. सुखी हाय," गोजरबाई म्हणाली, आणि मग जरा थांबून, "तुज्याच हातचा चुडा हाय तिच्या हातात. भीमाबाईला सांगितलंय म्या."

दवाखान्यात फोटोची खोली अंधारी आणि गार होती. फोटो काढणारा माणूस तरुण, घाईचा. गळ्यातलं काढा म्हणाला. खुर्शीदची काळी पोत गोजरबाईनं सोडली आणि बाहेर सत्तारच्या हातात नेऊन दिली. मग फोटोवाल्यानं खुर्शीदला एका पाटीशी एका अंगानं उभं केलं, खांदा पाटीला टेकवून.

"खांदे खाली पाहिजेत," तो म्हणाला. "खांद्यांमुळे मानेची खालची हाडं झाकली जातात. ह्या दोन वाळूच्या पिशव्या हातात धरा. एक ह्या हातात, एक त्या. घट्ट. समोर बघा. हलू नका, श्वास सोडा आणि थांबा."

खुर्शीदनं पिशव्या धरल्या. समोरच्या भिंतीवर पोपडे आले होते. ती तिकडं बघत राहिली. मुठी आवळून. मनात म्हणाली, मूठ घट्ट, लई घट्ट. ओझं तिला नवं नव्हतं. आयुष्यभर बांगड्यांचं ओझं वागवलेली बाई ती.

धप् असा आवाज झाला. मग दुसरा.

"अहो बाई, धरा म्हटलं ना!"

"धरल्यात की," खुर्शीद म्हणाली.

तो माणूस तिच्या पायांकडे बघत होता. दाराशी उभी असलेली गोजरबाईही तिकडंच बघत होती. म्हणून खुर्शीदनं मान खाली घातली. मुठी आवळलेल्या होत्या. दोन्ही रिकाम्या. पिशव्या पायाशी पडलेल्या, एक तर तिच्याच पावलावर. पावलानंही तिला सांगितलं नव्हतं.

तिनं मूठ उघडली. पुन्हा मिटली. पुन्हा उघडली. बोटं उशिरा येत होती, म्हाताऱ्या माणसांना हाक मारल्यावर यावीत तशी.

त्या घाईच्या माणसाची घाई कुठं गेली कोण जाणे. त्यानं पिशव्या उचलल्या, पट्टी आणली आणि दोन्ही पिशव्या तिच्या मनगटांना बांधल्या, बांगड्यांच्या वरून, काच तुटणार नाही अशा बेतानं. "आता धरू नका आजी," तो म्हणाला. "नुसत्या उभ्या राहा."

डॉक्टरांनी फोटो ओलाच मागवला. पाणी ठिबकत होतं. त्यांनी तो उजेडाच्या पेटीवर लावला आणि वाकून निरखला. मग त्यांनी सत्तारला जवळ बोलावलं. सत्तार म्हणाला, "तिलाच दावा सायेब. मान तिची हाय."

खुर्शीद पुढं झाली. काळ्या कागदावर तिची मान. मणके एकावर एक, तिरक्या ओळीत रचलेले. तिला वाटलं होतं भीती वाटेल, वाटली नाही. दुकानात रचून ठेवलेल्या मालासारखं दिसत होतं सगळं.

"हे मणके," डॉक्टर पेन्सिलीनं दाखवत म्हणाले. "मणक्यांच्या मागच्या अंगाला वरपासून खालपर्यंत एक पट्टा असतो, मऊ, चामड्याच्या वादीसारखा. मणके बांधून ठेवतो. फोटोत तो दिसत नाही. दिसायला नको. तुमचा दिसतोय. ही पांढरी रेघ बघा, मणक्यांच्या मागं. तो पट्टा हाडाचा झालाय." ते जरा थांबले. "मी हे पुस्तकात वाचलं होतं. जपानी डॉक्टरांनी लिहिलंय. फोटोत आज पहिल्यांदा पाहतोय."

"ओझ्यानं झालं का सायेब?" सत्तारनं विचारलं. "डोक्यावरच्या?"

"तसं म्हणता येत नाही. का होतं ते कुणालाच नीट माहीत नाही. पण ह्या रेघेच्या मागं जी वाट आहे ना, त्या वाटेनं मेंदूतली नस खाली जाते. हाताचं, पायाचं सगळं तिच्यातून. वाट अरुंद झालीय. नस चेपलीय."

खुर्शीद त्या पांढऱ्या रेघेकडे बघत होती. "म्हंजे," ती म्हणाली, "अडीचच्या मापाच्या हातात सव्वादोनची बांगडी. आन ती काडता येत न्हाई."

"हो," डॉक्टर म्हणाले. "आणि हात रोज थोडा सुजतोय, असं समजा." मग कागद पुढं ओढून त्यांनी विचारलं, "बांगड्या भरता ना तुम्ही? हातातून तुटायला कधीपासून लागल्या?"

"आत्ता. ह्या दिवाळीपास्नं. तेबी जास्त न्हाई. काच कच्ची येतीया."

"न्हाई वो डाक्टर," गोजरबाई मागून म्हणाली. साधेपणानं म्हणाली, डॉक्टरला खरं सांगायचं असतं एवढंच तिला ठाऊक. "दुष्काळाच्या आदीपास्नं. माज्या धाकलीचा चुडा भरला तवाच धा-बारा गेल्या. आमी तिला दिसू देत न्हवतो. पदरात घ्यायचो. अवघड काकण आलं की म्हनायचो, थांबा मावशी, ह्ये माजं मीच सरकवते. सगळ्या बाया असंच करायच्या. तिच्या हाताला कुनी नाव ठिवू नये म्हून."

डॉक्टरांची पेन्सिल कागदावर थांबली. "तेव्हाच आणलं असतं तर..." ते म्हणाले, आणि पुढचं त्यांनी गिळलं.

पण तेवढं पुरलं. खोलीत ते वाक्य अर्धंच लटकत राहिलं आणि त्याचा उरलेला अर्धा भाग तिघांनीही आपापल्या मनात पुरा केला.  गोजरबाईचा हात पदराकडे गेला आणि तिथंच राहिला.

खुर्शीदच्या डोळ्यांपुढून ओटेच्या ओटे गेले. किती हात, किती हसणं. थांबा मावशी, मीच सरकवते. आणि तिला वाटलं होतं, पोरी लाडात आल्यात. म्हणजे एवढी वर्षं गावाला ठाऊक होतं. तिच्या हातांबद्दल अख्ख्या सोनईला ठाऊक होतं, एकट्या तिला सोडून.

"गोजरे," ती म्हणाली, "बाकीच्यांचं जाऊ दे. तू तरी बोलायचं हुतं."

"काय म्हनून बोलू?" गोजरबाई म्हणाली. "तुजा हात गेला म्हनू? कुन्या तोंडानं?"

डॉक्टरांनी पुढचं हळू आवाजात सांगितलं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जावं लागेल. तिथं कमरेतून पाठीत औषध सोडून पुन्हा फोटो काढतील, वाट नेमकी कुठं बंद झालीय ते बघायला. मग मागून हाड काढून नसेला जागा करून देतील. पाय वाचतील, बहुधा. फिरता येईल.

"आन हात?" खुर्शीदनं विचारलं.

डॉक्टर खिडकीकडे बघू लागले. फोटोवरून पाण्याचा एक थेंब सुटून खाली आला, पांढऱ्या रेघेच्या कडेनं. "जे गेलं ते परत येईल असं मी सांगू शकत नाही," ते म्हणाले. "जे आहे ते राहील."

पुढं पौषात तिला पुण्याला नेलं. टेबलाला बांधून, टेबल डोक्याकडे उतरतं करून, पाठीतलं औषध तेलासारखं मानेकडे सरकताना डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं. मानेच्या मध्यावर येऊन ते औषध थबकलं ते थबकलंच. ऑपरेशन झालं. काठी घेऊन ती पुढं कितीतरी वर्षं सोनईच्या बाजारातून चालली. हात आला नाही. शेवटपर्यंत तिच्या चोळीची गाठ सत्तार मारत असे. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी त्या दोघी दवाखान्याबाहेरच्या लिंबाखाली बसल्या होत्या, आणि सत्तार उठून पुण्याची चिठ्ठी आणायला पुन्हा आत गेला होता.

"गावात सांगू नको," खुर्शीद म्हणाली.

"काय?"

"डाक्टर जे अर्दं बोलला ते. बायांच्या कानावर घालू नको. पोरी हायती. जल्मभर जिवाला लावून घेतील."

"आन मी?"

  खुर्शीद आपलं गाठोडं मांडीवर घेऊन सोडू लागली. गाठ बोटांना सापडेना. सापडली तर बोटं तिच्यावरून घसरत. गोजरबाई बघत राहिली. मग तिनं खुर्शीदचं गाठोडं बाजूला ठेवलं, आपलं सोडलं, भाकरी मोडली, चटणीला लावली आणि घास तिच्या तोंडाशी नेला.

खुर्शीदनं तोंड उघडलं नाही. तिसाहून जास्त वर्षांची ओळख. पण गोजरबाईच्या ओट्यावर तिची कपबशी कोनाड्यात वेगळी असे, आणि ती पिऊन झाल्यावर तिनंच विसळून ठेवायची, असं चालत आलेलं.

"तुज्या हातचा घास?" ती म्हणाली. "घरात कळलं तर?"

"कळू दे."

"तुजी सून बोलंल."

"बोलू दे. खा आदी. हात दुकायला लागला माजा."

खुर्शीदनं घास घेतला. चावत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलाही हात नीट जाईना. गोजरबाईनं पदरानं पुसलं आणि दुसरा घास मोडला.

"माघात तुज्या आळीतल्या काकासाहेबाच्या लेकीचं लगीन हाय," थोड्या वेळानं खुर्शीद म्हणाली. "चुड्याला कुनाला सांगशीला?"

गोजरबाईच्या हातातला घास थांबला. "आत्ता कशाला त्ये?"

"नेवाशाच्या पुंजाराम कासाराला सांगा. त्याचा हात हलका हाय. म्या बाजारात बगितलाय. दिसायला रांगडा हाय, पर हात हलका." ती सावकाश बोलत होती, एकेक शब्द ठेवून. "त्याला म्हनावं, पोरीचा डावा अंगठा ल्हानपनी उखळात सापडल्याला हाय. तिकडनं दाबू नको म्हनावं. करंगळीकडनं घे. आन घाई करू नको. ती लवकर हसत न्हाई. तिला हसवावं लागतं."

"सांगते," गोजरबाई म्हणाली.

"इसरशील."

"न्हाई इसरायची."

"मंग पुन्यांदा म्हन बघू. कोनता अंगठा?"

"डावा," गोजरबाई म्हणाली. तिनं घास चटणीला लावला. "डावा. करंगळीकडनं."

खुर्शीदनं मान हलवली आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.